संस्कार कमी पडले म्हणे!

पुण्यात कोयते घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांचा व्हिडिओ फिरायला लागला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दहा मिनिटांत निकाल लागतो. संस्कार कमी पडले. मोबाईलने बिघडवलं. सिनेमे बघून हे असंच होणार. शेवटी कुणीतरी लिहितंच, "भर चौकात फोडून काढा साल्यांना." त्यावर पटापट अंगठे, मग सगळे जेवायला.

हीच मंडळी सर्व्हर पडला तर रूट कॉज सापडेपर्यंत रात्रभर जागतात हो! "सर्व्हरवर संस्कार कमी पडले" असं क्लायंटला सांगून बघा एकदा.

मी आर्वीचा. जिल्हा वर्धा, म्हणजे कागदावर कोरडा. सेवाग्रामचा जिल्हा म्हणून १९७५ च्या सुमारास दारूबंदी झाली, ती आजही आहे. पण वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि तिकडे दुकानं राजरोस उघडी. इकडे गिऱ्हाईक, तिकडे माल, मध्ये एक नदी. मधलं अंतर कापायला काय लागतं? एक मोटरसायकल आणि एक पोट्टं.

हे पोट्टं कोण असतं? बारावी कशीबशी काढलेलं, पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावणारं, घरच्या कपाशीत यंदा काही उरेल का याची वाट बघणारं. जिनिंगचं काम हंगामापुरतं. पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे कधीच बंद पडली. दारूच्या धंद्यात मात्र खेप झाली की पैसे हातात. इंटरव्ह्यू नाही, एक्सपीरियन्स विचारत नाहीत. आपण ज्याला "टोळीत ओढणं" म्हणतो, ते जवळून बघितलं तर नोकरी लागण्यासारखंच दिसतं. आधी एक खेप. मग मालकाची गाडी चालवायची. मग वसुलीला सोबत जायचं, मग दुसऱ्या मालकाच्या माणसाला दम द्यायचा. "आजपासून मी गुंड" असं मध्ये कुठेच कुणी ठरवत नाही.

खरा घात होतो तो पहिल्या केसला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. सापडतो तो खेप नेणारा. माल ज्याचा, तो घरी. जामिनाला वकील कोण देतो? मालक! झालं, आता पोरगं त्याच्या उपकारात. तिकडे भरतीच्या चारित्र्य पडताळणीत केस दिसते, म्हणजे पहाटेचं धावणंही फुकट. वय अठराच्या आत असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा बहुतेक मुलांना असा कायमचा डाग लागू देत नाही. अठरा पूर्ण झाली की ते छत्र गेलं. एकवीसच्या आतल्यांना शक्यतो तुरुंगात टाकू नका, असं १९५८ चा परिवीक्षा कायदाही सांगतो. पण त्यासाठी आधी खटल्याचा निकाल तर लागला पाहिजे ना! तोवर "केस पेंडिंग" हाच त्याचा बायोडेटा.

"पण गरीब काय सगळेच गुंड होतात?" हा प्रश्न आता येणारच. नाही होत. अमेरिकेत सिॲटलमध्ये आठशेवर मुलांचा शाळेपासून माग ठेवला होता. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: एकटं कुठलंच कारण पुरत नाही, ती साचत जातात. वस्तीत सहज मिळणारा गांजा, अभ्यासात मागे पडणं, विस्कटलेलं घर, तसलेच मित्र. दहा-बारा वर्षांच्या वयात अशी सात किंवा जास्त कारणं ज्यांच्या वाट्याला आली, ती मुलं टोळीत जाण्याची शक्यता, एखादंच कारण असलेल्या किंवा एकही नसलेल्या मुलांच्या तेरापट. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचंच. टोळीत गेलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के जास्तीत जास्त वर्षभरच तिथे राहिले.

म्हणजे बाहेर पडणारे भरपूर असतात, बाहेर यायला दार असेल तर. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या पोरांसमोर गिरणीचं दार बंद झालं आणि टोळ्यांचं उघडं राहिलं. (हिंजवडीत बसून "ते मुंबईचं" म्हणू नका. आपण आहोत तो मुळशी तालुका आहे. विकल्या गेलेल्या जमिनींच्या पोरांचं काय झालं यावर २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' येऊन गेला, आणि आपण तो पॉपकॉर्न खात बघितला.)

आणि आपण करतो काय? पकडलेल्या पोराची त्याच्याच गल्लीतून धिंड निघते, त्याची रील होते, आपण ती फॉरवर्ड करतो. ज्या वर्षात तो बाहेर पडायची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकं त्याच वर्षात गावभर त्याचं तोंड दाखवून ठेवायचं! उद्या त्याला किराणावाला तरी दुकानात ठेवेल का? आपल्या ऑफिसच्या गेटवरच्या गार्डलाही पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. दारूवाल्या मालकाला ते लागत नाही.

कोठडीतल्या माणसाला, त्याची ऐपत असो नसो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यात लिहिलेला आहे. आर्वीतल्या त्या पोट्ट्याजवळ मालकाचा वकील पोचायच्या आधी हा वकील पोचला पाहिजे, आणि पहिल्या केसचा निकाल पुढची भरती निघायच्या आत लागला पाहिजे. पुढचा व्हिडिओ आला की ग्रुपवर हे टाकून बघणार आहे. अंगठे किती येतात ते कळवतो.