स्टिरिओ भंगारात देण्यापूर्वी

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या बहुतेक वस्तूंचा निकाल पटापट लागतो. गळका डबा, मोडकी खुर्ची, मुलांची जुनी दप्तरं, यांबद्दल घरात कुणाचं दुमत नसतं. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. धूळ खात पडलेला रेडिओ, झाकण निखळलेला रेकॉर्ड प्लेअर, मुका झालेला टू-इन-वन, आणि शेजारी चपलांच्या खोक्यात कोंबलेल्या कॅसेटी! तुम्ही म्हणता, "ही अडगळ एकदाची काढा." लगेच घरचे म्हणतात, "छे छे, माझ्या पहिल्या पगारातून घेतलाय तो!" झालं. खोकं पुन्हा माळ्यावर, थेट पुढच्या दिवाळीपर्यंत.

यंदा या प्रश्नाचा कायमचा निकाल लावू या. मात्र भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी थोडं ऐकून घ्या हं.

पूर्वी घरात रेडिओ येणं हा सोहळाच असे. तो बाळगायला सरकारी परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. बटण फिरवलं तरी व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलत नसे. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायचे, स्टेशन नीट लागलं की हिरवा डोळा मिटत यायचा, आणि मग आवाज घुमायचा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली. ती वेळ झाली की लोक रेडिओला हार घालून समोर बसत, असं जुनी माणसं सांगतात.

मग सुटकेससारखा उघडणारा एच.एम.व्ही.चा फिएस्टा आला. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावे, एल.पी.वर वीस-वीस मिनिटं. १९८० च्या सुमारास दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये डेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भलेथोरले स्पीकर दिसू लागले. कुणाकडे सोनोडाइन, कुणाकडे कॉस्मिक, आणि कुणाचे काका आखातातून आलेले असले तर जपानी! फियाट असेल तर मागच्या सीटपाठीमागच्या फळीवरही स्पीकर बसत, आणि महाबळेश्वरचा घाट गाण्यांच्या साथीनं चढला जाई.

या सगळ्या यंत्रांचे मालक बहुधा पुरुषच, नाही का? किती वॅटचा, कुठल्या कंपनीचा, हे ते सांगत. आपल्या वाट्याला यायचं ते त्याच्यावर क्रोशाचं झाकण विणणं आणि रोज धूळ पुसणं. तीही "बटणांना हात लावू नकोस" ही सूचना ऐकत. म्हणूनच आज त्या यंत्रासाठी त्यांचा जीव जितका तुटतो, तितका आपला तुटत नाही. त्यात काही गैर नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली कॅसेट बाजारात आणली, तेव्हा एक मोठा फरक पडला. तोवर रेडिओ आणि रेकॉर्ड नुसते बोलत होते. आता घरातलं यंत्र ऐकूही लागलं. लाल बटण दाबलं की जे बोलाल ते टेपवर. मग बारशाचे पाळणे, मंगळागौरीची गाणी, छोट्याचे बोबडे बोल, आजोबांचा हरिपाठ, असं कितीतरी त्यात जाऊन बसलं. परदेशी नोकरीला गेलेल्या मुलाला पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवणाऱ्या आयाही होत्या.

आणि गंमत अशी, की कोरी कॅसेट महाग म्हणून हे सगळं बहुतेक वेळा सिनेमाच्या गाण्यांवरच टेप होई. वरचं लेबल मात्र तसंच! आमच्या ओळखीच्या एका वहिनींच्या घरी असंच झालं. यजमानांनी डेक विकला, आणि सोबत वीस-पंचवीस कॅसेटीही फुकट देऊन टाकल्या. लेबलांवर सिनेमांचीच नावं होती, मग त्यांना काय कळणार? त्यांपैकी एकीवर वहिनींच्या सासूबाईंनी थोरलीच्या बारशाला म्हटलेला पाळणा होता. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं, थोरलीच्या घरी पाळणा हलला, तेव्हा तो शोधायला घेतला. तसाच डेक पुढे एका दुकानात मिळाला. पाळणा मिळाला नाही. त्या मला म्हणाल्या, "फोटो आहेत हो त्यांचे पुष्कळ. पण फोटो हाक मारत नाही."

बायकांच्या अशा आवाजांचं मोल काय असतं, हे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी दाखवून दिलं. गावोगावच्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि पुष्कळशा ध्वनिमुद्रितही झाल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. गाणाऱ्यांपैकी कित्येकजणी आज नाहीत, पण आवाज आहे. तुमच्या खोक्यातली कॅसेट ऐकायला मात्र बाहेरून कुणी येणार नाही. ते काम तुमचंच. कुठल्या कॅसेटवर कोण आहे, हे घरात आठवत असेल तर ते तुम्हालाच.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी आवाज, मग यंत्र.

पहिल्यांदा टू-इन-वन, डेक आणि जुन्या गाडीतला स्टिरिओ उघडून पाहा. आत शेवटची लावलेली कॅसेट तशीच राहिलेली असते. मग सगळ्या कॅसेटी मांडा. मागच्या कडेला दोन चौकोनी खाचा दिसतील. कंपनीच्या भरलेल्या कॅसेटीत या खाचा उघड्या असतात, त्यामुळे त्यांवर चुकून टेप होत नाही. खाचेवर प्लॅस्टिकचा तुकडा शाबूत असेल, किंवा खाच चिकटपट्टीनं बुजवलेली असेल, तर आत घरचा आवाज असण्याचा संभव आहे. अशा कॅसेटी वेगळ्या काढा. त्यांवरचे तुकडे आता मोडून टाका, म्हणजे पुढे चुकून काही पुसलं जाणार नाही.

काचेतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. अशी कॅसेट मशीनमध्ये मुळीच घालू नका; ती बुरशी मशीनमधून दुसऱ्या कॅसेटींना लागते. ती जाणकाराकडेच द्या. बाकीच्यांत षटकोनी पेन्सिल घालून चक्र हलकेच फिरवून पाहा. टेप सैल असेल तर ताणून घ्या. टेप तुटली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पाझरून मशीनच्या हेडला चिकटतो.

मशीनचं म्हणाल, तर वर्षानुवर्षं पडून राहिल्यानं आतला रबरी पट्टा सैल होतो किंवा वितळून डांबरासारखा होतो. म्हणून आवाज रडका येतो किंवा चाक फिरतच नाही. पट्टा बदलणं फार खर्चाचं काम नसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत अजून विचारून पाहावं; तुमच्या गावातही एखादे जुने मेकॅनिक असतीलच. हेडवरचा तपकिरी थर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावा. आणि पहिल्यांदा लावायची ती बिनमहत्त्वाची कॅसेट. पाळण्याची कॅसेट प्रयोगासाठी नको!

मशीन नीट चालू लागलं की इअरफोनच्या भोकातून वायरनं कॉम्प्युटरला जोडून आवाज उतरवून घ्या. मुलं हे काम सहज करतील. ६० ची कॅसेट उतरवायला पुरा एक तास लागतो, ९० ची असेल तर दीड. घाई चालत नाही. दोन प्रती काढा आणि एक दुसऱ्या घरी, लेकीकडे किंवा भावाकडे ठेवा. तेही जमत नसेल तर पंखा बंद करून मोबाइल स्पीकरजवळ ठेवा आणि रेकॉर्ड करा. आवाज तितका साफ येणार नाही, पण येईल. मूळ कॅसेट मात्र फेकू नका. कोरड्या कपाटात, स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर, उभी ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर कधीच नको.

रेकॉर्डी असतील तर त्याही उभ्याच ठेवाव्यात. आडव्या रचल्या की वाकतात. एल.पी. मऊ फडक्यानं, पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून, गोल फिरवत पुसावी. लेबल भिजवू नये. पण ७८ च्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. ती लाखेची असते आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर "चालतो का बघू" म्हणून प्लग लावायचा मोह आवरा. आतले जुने कपॅसिटर खराब झालेले असतात. धूर निघू शकतो, आणि आत शेकडो व्होल्टचा दाब असतो. मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडून मुलांना दाखवणंही नको. ते जाणकारांचं काम.

एवढं झालं की यंत्राचं काय करायचं ते खुशाल ठरवा. सध्या रेकॉर्डींची हौस पुन्हा आली आहे, नव्या रेकॉर्डीही निघू लागल्या आहेत. तेव्हा रद्दीच्या भावानं देण्याआधी दोन ठिकाणी विचारा. घरच्यांना फारच ओढ असेल तर एक मशीन दुरुस्त करून दिवाणखान्यात मानानं ठेवा. बाकीची द्या. जागा मोकळी झाल्याचं मुळीच वाईट वाटून घेऊ नका.

आणि हो, कॅसेटी ऐकायला बसाल तेव्हा एकट्या बसू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. "हा आवाज कुणाचा? मागे हसतंय ते कोण?" असं विचारा आणि ऐकता ऐकता वहीत लिहून घ्या: नाव, गाव, वर्ष, प्रसंग. नावाशिवाय उतरवलेला आवाज आणखी वीस वर्षांनी कुणालाच ओळखता येणार नाही.

दिवाळीच्या फराळाला हात घालण्यापूर्वी यासाठी एक रविवारची दुपार काढा. पुढच्या आठवड्यात लोकरीच्या कपड्यांची ट्रंक उघडू या. डांबरगोळ्या आणून ठेवा!