माकडं बघायला आफ्रिकेत?

"माकडां बघूक आफ्रिकेत कित्याक जाऊक होया गो? माझ्या बागेत येऊन बस, फुकट दाखवतंय!" आमच्या मिठबावात एखाद्या बाईने चिंपांझी बघायला युगांडाला जायचा बेत बोलून दाखवला, तर पहिलं उत्तर हेच मिळेल. त्यात खोटं काही नाही. हापूसच्या बागेत, माडांवर, घराच्या कौलांवर माकडांनी काय उच्छाद मांडलाय, ते देवगड-मालवण पट्ट्यातल्या कुठल्याही घरी विचारा. ज्यांना हाकलून हात दुखतात, त्यांच्याच चुलतभावंडांना बघायला लाखांत पैसे मोजायचे?

पण मैत्रिणींनो, खरं सांगा, हरकत माकडांनाच असते का? बाई काशीला किंवा अष्टविनायकाला निघाली तर कोणी कारण विचारत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापार गेली तर गावभर कौतुक होतं. नवऱ्यासोबत सिंगापूरला गेली, चार वस्तू घेऊन आली, तेही चालतं. मात्र 'मला बघायचंय, म्हणून जातेय' एवढंच कारण असलं की भुवया उंचावतात. पुण्य नाही, खरेदी नाही, कोणाची सेवा नाही... मग कशाला?

आधी एक गैरसमज दूर करू. चिंपांझी म्हणजे माकड नव्हे. त्याला शेपूट नसतं आणि त्याच्या-आपल्या डीएनएमध्ये ९८ टक्क्यांहून जास्त साम्य आहे. रोज रात्री तो झाडावर फांद्या-पानांचा नवा बिछाना करतो. चिंपांझीची आई साधारण पाच वर्षांनी एकदा बाळंत होते आणि पिल्लू चार-पाच वर्षं अंगावर पितं. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात फ्लो नावाची एक म्हातारी मादी होती. १९७२ मध्ये ती गेली, आणि फ्लिंट हा तिचा आठ वर्षांचा धाकटा मुलगा खाणंपिणं टाकून थोड्याच दिवसांत तिच्यामागे गेला. हे वाचल्यावर त्यांना एकदा डोळ्यांनी बघावंसं वाटलं, तर त्यात वेडेपणा काय?

फ्लो आणि फ्लिंटची ही गोष्ट जगाला कळली ती जेन गुडाल यांच्यामुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या ९१ व्या वर्षी गेल्या तेव्हा सगळीकडे त्यांच्या संशोधनावर लिहून आलं. मला मात्र त्यांच्या आधीच्या दिवसांबद्दल बोलायचंय. जेन काही श्रीमंत घरातली नव्हती. कॉलेजला जायला पैसे नव्हते म्हणून सेक्रेटरीचं काम शिकली. केनियातल्या मैत्रिणीने बोलावलं, तेव्हा बोटीच्या भाड्यासाठी हॉटेलात वेट्रेसचं काम करून तिने पैपैसा साठवला आणि १९५७ मध्ये आफ्रिका गाठली. १९६० च्या जुलैत गोंबेला जायची वेळ आली, तर तिथले इंग्रज अधिकारी म्हणाले, तरुण मुलीने जंगलात एकटीनं राहायचं नाही, सोबत कोणीतरी हवं. सोबतीला कोण गेलं? तिची आई! व्हॅन गुडाल पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. लेक डोंगरात चिंपांझी शोधत फिरायची आणि ही माऊली टांगानिका सरोवराच्या काठी, मासे सुकवणाऱ्या मच्छीमारांना साधीसुधी औषधं द्यायची, जखमांची मलमपट्टी करायची. मिठबाव-तांबळडेगच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईला हे चित्र परकं वाटू नये.

आता आपल्या बेताकडे येऊ. नियोजन आपल्याला जमणार नाही, असं कृपा करून म्हणू नका. गणपतीत किती चाकरमानी येणार, कोणाची रेल्वेची तिकिटं झाली, गाद्या किती, नारळ किती, कुणकेश्वरच्या जत्रेला पाहुणे आले तर कोण कुठे झोपणार, हे सगळं डोक्यात ठेवणारी बाई एक परदेशप्रवास आखू शकत नाही? फक्त यावेळी यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहायचं.

युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात चिंपांझी बघायला परमिट लागतं. ते मोजकीच मिळतात, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी परमिट. परदेशी पाहुण्यांना ते अडीचशे डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे वीस हजारांहून जास्त. पीतज्वराची लस घ्यावीच लागते, आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत अशी केंद्रं आहेत, गोव्यात मुरगाव बंदरावरही आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात, आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परत आल्यावर आपल्याच देशात सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. साठीच्या पुढच्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्यावं.

महिना कुठला? तिथे पाऊस कमी असतो तो डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जून ते ऑगस्ट. जून-जुलैत आपल्याकडे लावणी, त्यानंतर गणपती. मार्च ते मे आंबा. म्हणजे उरले डिसेंबर-जानेवारी. "तेव्हा मोहोरावर फवारणी असते!" असं घरून ऐकू येईलच. पण फवारणीचा पंप बाईच्या हातात कधी असतो हो?

चालण्याचं म्हणाल, तर चिखलातून, झाडीतून दोन-चार तास चालायची तयारी हवी. सड्यावर चढ-उतार करणाऱ्या बायकांना ते जड जाऊ नये. पँटचे पाय मोज्यात खोचायचे, कारण तिथल्या मुंग्या कडकडून चावतात.

आणि पैसे? विमान, गाडी, राहणं, परमिट, व्हिसा सगळं धरून माणशी दोन-अडीच लाखांच्या खाली हिशेब बसणं कठीण. रक्कम मोठी आहे, अनेकींच्या आवाक्याबाहेरची आहे, हे मान्यच. कर्ज काढून कोणी जाऊ नये. पण सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं असताना लग्नकार्यात दोन तोळ्यांचं काही करायचं ठरलं, तर घरात वाद होत नाहीत. कुठून तरी जमवलं जातं. तेवढेच पैसे बाईने पाच-सहा वर्षं बाजूला टाकून जंगल बघितलं, तर ती उधळपट्टी कशी? दागिना कपाटात राहतो, वेळेला उपयोगी पडतो, हे खरं. पण तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच वेळेला उपयोगी पडतो, हेही तितकंच खरं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. तिथले नियम नीट पाळा. चिंपांझी सापडले की त्यांच्यासोबत फक्त एक तास, तोही काही मीटर अंतर ठेवून. माणसाचे रोग त्यांना लगेच लागतात. गोंबेत १९६६ मध्ये पोलिओच्या साथीने चिंपांझी मेले आणि लुळे झाले. म्हणून सर्दी-खोकला असेल त्याला जंगलात सोडत नाहीत. आपण बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत! "इतके पैसे भरलेत, जरासा खोकलाच तर आहे" म्हणून गोळी घेऊन लपवाल... तसं करू नका. आपल्या ओल्या बाळंतिणीच्या खोलीत शिंकणारा पाहुणा आपण येऊ देतो का? तेच इथे लागू. आणि पिल्लाला मांडीवर घेऊन फोटो काढू देतो असं कोणी म्हणालं, तर तिथे पाऊलही टाकू नका. असं पिल्लू बहुधा त्याच्या आईला मारून आणलेलं असतं.

आफ्रिका जमणारच नसेल, तर आपल्या देशातही शेपूट नसलेला एक नातेवाईक आहे. आसामात जोरहाटजवळ होलोंगापार अभयारण्य आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, चहाच्या मळ्यांनी वेढलेलं. तिथे हुलॉक गिबन राहतात. नर काळा, मादी तपकिरी, आणि सकाळी जोडीने गातात. मरियानी स्टेशन तिथून जवळ आहे. व्हिसा नको, लस नको. चार मैत्रिणी मिळून, भिशीच्या पैशांत, रेल्वेने जाता येईल.

कुठेही जा वा जाऊ नका, पासपोर्ट मात्र काढून ठेवा. आपली खरी अडचण तिथेच असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर तिसरंच, आणि जन्मतारीख तर प्रत्येक कागदावर वेगळी. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं पासपोर्टसाठी बंधन नाही. पण सगळ्या कागदांवर नाव एकच हवं. हे निस्तरायला महिने जातात, तेव्हा तिकिटाची वाट बघत थांबू नका. कागदांची पिशवी या आठवड्यातच खाली काढा आणि आपलं नाव कुठे काय लिहिलंय, ते एकदा वाचा.