घर गहाण टाकणारे प्राचार्य

परवा कॉल संपल्यावर आमचा अमेरिकेतला सहकारी त्याच्या कॉलेजच्या लाइनबॅकरचं कौतुक सांगत बसला. लाइनबॅकर म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवा करायचं, हे त्याचं काम. हा पोरगा खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकतोय. शेवटी सहकाऱ्याने विचारलं, तुमच्याकडे कॉलेजातून मोठा झालेला खेळाडू कोण?

मी छाती फुगवून खाशाबा जाधवांचं नाव घेतलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ला लंडनमध्ये सहावा, १९५२ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले!

"ग्रेट! आणि त्यानंतर कोण?"

माझी गाडी तिथेच अडली.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे. त्या दिवशी हा गहाणखताचा किस्सा ग्रुपवर फिरतो, आपण डोळे पुसतो, सरकारला दोन शिव्या घालतो आणि कामाला लागतो. माझं म्हणणं असं की हा किस्सा जेवढा खर्डेकरांच्या मोठेपणाचा आहे, तेवढाच बाकी सगळ्यांच्या लाजेचा आहे. व्यवस्था असती तर मास्तरला घर गहाण कशाला टाकावं लागलं असतं?

महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ आणलं. तो घडला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, नोकरी दिली रेल्वेने. यात कॉलेज कुठे आहे?

कॉलेज काय करतं ते मी पाहिलंय. आमच्या वर्गात कबड्डीचा एक लेफ्ट कॉर्नर होता. त्याने घोटा धरला की चढाईवाला संपलाच. आपला लाइनबॅकरच म्हणा ना! स्पर्धांमुळे हजेरी कमी पडली, कॉलेजने टर्म ग्रँट केली नाही. वर्ष गेलं, मग कबड्डीही गेली. आज तोही आपल्यासारखाच हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो.

कोणी म्हणेल, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे की! आहे ना, पण प्रमाणपत्र हातात आल्यावर. सतरा ते बावीस या वयात मेसचं बिल कोणी भरायचं?

अमेरिका म्हणजे स्वर्ग, असंही नाही. तिथे लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये खेळणाऱ्या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली ती थेट २०२१मध्ये. तोवर कमावलं ते कॉलेजांनी. पण खेळाडू ही आपली जबाबदारी आहे, एवढं तरी ती कॉलेजं मानतात.

आणि आपण? कॅम्पसला भरती करायला जातो तेव्हा ६० टक्के आणि एकही विषय राहिलेला नको, ही चाळणी लावणारे आपणच. तो लेफ्ट कॉर्नर आपल्याच चाळणीतून खाली पडतो.

म्हणून पुढच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात सेमिनार हॉलसाठी चेक फाडण्याआधी एवढंच विचारा : खेळाडूच्या हजेरीचा नियम काय, आणि त्याच्या जेवणाचं काय? आणि चेक त्यासाठीच फाडा. घर गहाण टाकायची गरज नाही. आपल्या एका महिन्याच्या ईएमआयपेक्षा कमीत भागेल.

बघा पटतंय का!