कच्चा मासा आणि पक्के सोवळे

दिवाळी अंकात मासळीचा विषय काढू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. समोर फराळाचे ताट, दारात आकाशकंदील. अशा वेळी लेखकाने करंज्यांविषयी लिहावे, आजीविषयी लिहावे, फार तर महागाईवर चार कोपरखळ्या माराव्यात. हा संकेत मला ठाऊक आहे आणि मी तो मोडणार आहे. ज्यांना शिसारी येईल त्यांनी खुशाल पान उलटावे. मात्र जाता जाता एवढे ऐकून जावे, की हा लेख त्या शिसारीबद्दलच आहे.

गेल्या वसंतात मी पंधरा दिवस टोकियोला होतो. मॅट्रिकपुढे न गेलेल्या मास्तराला टोकियो कसे परवडते, असा प्रश्न वाचकांच्या मनात येण्याआधीच सांगून टाकतो, तिकीट भाच्याने काढले. तो तिथे निशी-कासाई नावाच्या भागात राहतो. संगणकाच्या कामासाठी गेलेली भारतीय कुटुंबे तिथे इतकी आहेत की जिन्यात फोडणीचा वास येतो. त्याच्या एका सहकाऱ्याचे वडीलही त्याच सुमारास आलेले होते. निवृत्त अधिकारी, गप्पिष्ट, मनाने वाईट नाहीत. त्यांचे नाव सांगत नाही. आपण त्यांना रावसाहेब म्हणू. रावसाहेब दर रविवारी मटणावर ताव मारणारे आहेत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

एका संध्याकाळी भाचा आम्हा दोघांना घेऊन निघाला. आगगाडीने थोडी स्थानके गेले की मोंझेन-नाकाचो लागते. तिथल्या एका बोळात, दारावर निळा कापडी पडदा लावलेले एक इवलेसे खाणावळवजा हॉटेल होते. जेमतेम आठ खुर्च्या. समोर लाकडाची गुळगुळीत फळी, फळीपलीकडे सत्तरीचा म्हातारा, त्याच्या मागे चुलीशी त्याची बायको. भिंतीवर उगाच काही टांगलेले नाही, गाणे नाही. आपल्या एखाद्या जुन्या वैद्याच्या दवाखान्यात बसल्यासारखे वाटत होते.

म्हाताऱ्याने सुरी काढली. हातभर लांब, अरुंद पात्याची. धार एकाच बाजूला. मासा कापताना तो करवतीसारखी मागेपुढे करीत नाही. पात्याच्या मुठीकडच्या टोकापासून सुरुवात करून एकाच ओढीत तुकडा सोडवतो. पुन्हा सुरी उचलतो, पुसतो, पुन्हा ओढतो. तुकड्याची कड काचेसारखी दिसते. मागेपुढे केले की मांसाचे धागे चुरगळतात आणि जिभेला ते कळते, असे भाच्याने समजावून सांगितले. बशीत मुळ्याचा केसासारखा बारीक कीस, त्यावर एक हिरवे पान, आणि पानाला टेकून तीन तऱ्हांचे तुकडे: लालभडक कुपा, पांढरीशुभ्र माकुल, आणि फिकट गुलाबी झाक असलेला एक मासा. त्याचे नाव विचारले तर भाचा म्हणाला, ‘‘ताई.’’ मला हसू आले. जपान्यांच्या लग्नकार्यात या ताईला मोठा मान. शुभ या अर्थाच्या त्यांच्या शब्दात ‘ताई’ हा उच्चार येतो म्हणून. आपल्याकडेही नावावरून शकुन पाहतातच की!

मी एक तुकडा सोयाच्या रसात किंचित टेकवून तोंडात टाकला. मालवणकडे वाढलेल्या माणसाला वाटले होते, मासळीची चव आपल्याला ठाऊक आहे. ती ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती ती तिरफळांची, आमसुलांची आणि नारळाच्या रसाची चव. त्या रसाला मी आजही सोडणार नाही. पण त्याच्याखाली मासा असतो, त्याला स्वतःची गोडी असते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

आणि नेमक्या त्या क्षणी रावसाहेब खणखणीत मराठीत म्हणाले, ‘‘शी! कच्चे मासे खातात. रानटी आहेत झाले!’’ आणि त्यांनी बशी दोन बोटांनी पुढे ढकलली.

म्हाताऱ्याला मराठी येत नव्हते. पण तोंडाची भाषा सगळ्यांनाच येते. त्याने काही विचारले नाही. बशी उचलली, आत ठेवली, आणि थोड्या वेळाने रावसाहेबांपुढे अंड्याच्या गोडसर वड्या आणून ठेवल्या, मान किंचित लववून. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मी पूर्वी एकदा पाहिले होते. कुठे, ते पुढे सांगतो.

आधी या ‘रानटी’ शब्दाचा समाचार घेऊ. रावसाहेब एकटे नाहीत. परदेशात सोबत स्वयंपाकी घेऊन हिंडणाऱ्या आणि घरी येऊन ‘तिकडचे लोक काय वाट्टेल ते खातात’ म्हणून सांगणाऱ्या आपल्या शेकडो मंडळींचे हे मत आहे. चुलीवर चढले नाही म्हणजे संस्कार झाला नाही, अशी यांची समजूत. अहो, हा मासा पाण्यातून निघाल्यापासून बशीत येईपर्यंत त्याच्यावर जितके संस्कार होतात तितके आपल्यापैकी अनेकांवर झालेले नसतात! चांगला मासा ते तडफडून मरू देत नाहीत. मेंदूत टोचा मारून क्षणात मारतात, रक्त काढून टाकतात, पाठीच्या कण्यातून तार फिरवतात. याला इकेजिमे म्हणतात. तडफडणारा मासा अंगातली शक्ती संपवून बसतो, लवकर ताठरतो आणि लवकर नासतो. मग काही जातींचे मासे थंडाव्यात एखाददोन दिवस मुरवतात, तेव्हा कुठे चव उतरते. माशात अनिसाकिस नावाची कृमी असू शकते. ती मीठ, व्हिनेगर, वसाबी यांना दाद देत नाही, पण उणे 20 अंशांवर 24 तास गोठवली की मरते, हे तिथल्या खाणावळवाल्याला ठाऊक असते. (म्हणूनच हा लेख वाचून कोणी बाजारातला बांगडा घरी कच्चा खाऊ नये. मास्तर आहे, सूचना दिल्यावाचून राहवत नाही.) आपल्याकडे उन्हात टोपलीत चेपलेला, बर्फ वितळून गेलेला मासा आपण मसाल्यात बुडवतो, आणि रानटी ठरतात ते!

पण खरा मुद्दा याहून खोल आहे. त्या रात्री कच्च्या माशाच्या आधी आम्हाला वाटीभर सार मिळाले होते. रावसाहेबांनी ते आवडीने प्यायले, आणखी मागितले. ते कशाचे होते? कात्सुओबुशीचे. म्हणजे कुप्याच्या जातीचा एक मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवतात आणि रंध्याने त्याचे पापुद्रे काढतात. ते पापुद्रे आणि कोम्बू नावाचे समुद्रशैवाल यांचे पाणी हा जपानी स्वयंपाकाचा पाया. 1908 साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बूतून चवीचे द्रव्य वेगळे काढले. 1913 साली शिंतारो कोदामाने या सुक्या माशातून दुसरे काढले. साऱ्या जगाच्या तोंडी झालेला ‘उमामी’ हा शब्द इकेदांचा. 2013 साली युनेस्कोने जपानी खाद्यपरंपरेला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घातले. शास्त्र, मानसन्मान, जागतिक कीर्ती आणि त्या सगळ्याच्या तळाशी काय? सुकी मासळी. आपल्या सुकटीची चुलत बहीण.

आता त्या चेहऱ्याची गोष्ट.

बारातेरा वर्षांपूर्वी घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी मी पाचवीच्या वर्गावर होतो. वर्गात नदीकाठच्या वस्तीतली एक मुलगी होती. हुशार नव्हे, पण अक्षर मोत्यासारखे. एके दिवशी मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला. भाकरी आणि जवळ्याची चटणी. दोनचार मुलांनी नाके दाबली, एकाने ओकारीचे सोंग केले, आणि दुसऱ्या दिवशी एका पालकाची चिठ्ठी आली. मी काय करायला हवे होते, हे सांगायला नको. मी काय केले ते सांगतो. मी तिला म्हणालो, ‘‘बाळ, उद्यापासून तू व्हरांड्यात बसून जेवत जा.’’ आवाज चढवला नाही. अगदी प्रेमाने म्हणालो. तिने काही विचारले नाही. डब्याचे झाकण लावले आणि मान किंचित लववली. पुढे तिने डबा आणणेच बंद केले.

वाचकहो, हे सांगणारा माणूस सुकट-भाकरीवर वाढलेला आहे. माझ्या आईने पावसाळे त्याच जवळ्यावर काढले. पण घाटावर नोकरी लागल्यावर आम्ही घरात सुके मासे भाजणे सोडले; शेजारी काय म्हणतील म्हणून. रावसाहेबांनी बशी ढकलली तेव्हा मला त्यांचा राग आला खरा. परंतु त्यांचा अपराध माझ्याहून फार लहान होता. त्यांनी एका म्हाताऱ्याची बशी ढकलली. मी एक मूल ढकलले.

कोणी म्हणेल, मास्तर, शाकाहारी लोकांच्या भावनांचे काय? ज्याने जीवहत्येच्या विचाराने मांस सोडले त्याला माझा नमस्कार आहे. तो माणूस आपल्या ताटाकडे पाहतो. माझे भांडण दुसऱ्याच्या ताटाकडे पाहणाऱ्याशी आहे. रावसाहेबांचे मटण चालते, मासा कच्चा नको. दुसऱ्याचे पापलेट चालते, सुकट नको. तिसऱ्याचे हॉटेलात सगळे चालते, आपल्या इमारतीत भाडेकरू नको. यात अहिंसा कुठे आली? या नाकाला वास येतो तो माशाचा नव्हे, मासा खाणाराच्या पायरीचा येतो. 2023 साली महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. राज्यमाशाला राज्यात मान, आणि मुंबईतल्या कित्येक इमारतींच्या फाटकातून तो पिशवीत लपवून न्यावा लागतो.

जपान म्हणजे स्वर्ग, असेही मी म्हणत नाही. 675 साली तिथल्या सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. 1872 साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले तेव्हा लोकांची बोटे तोंडात गेली. पाश्चात्त्य थाटाच्या माणसाला ते अजून ‘बाता-कुसाई’ म्हणतात; म्हणजे लोण्याची घाण येणारा! साजूक तुपाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि जनावरे मारण्याचे व कातड्याचे काम करणाऱ्या घराण्यांना त्यांनी शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. 1871 च्या फर्मानाने ती वेगळी वर्गवारी कागदावरून गेली. सोयरिकीच्या वेळी चौकशी करणाऱ्यांच्या मनातून ती सहजी गेली नाही. तेव्हा शिसारी हा काही केवळ आमचाच ठेवा नाही. ती प्रत्येक देशात दिसते, आणि जिथे दिसते तिथे ती काम करणाऱ्याच्या हाताला जाऊन चिकटते.

असो. त्या रात्री शेवटी गोड आले. रावसाहेबांपुढे आन्मित्सु नावाचा प्रकार होता: पारदर्शक चौकोनी वड्या, फळांच्या फोडी, काळसर पाक, आणि वर तांबड्या चवळीसारख्या बारीक कडधान्याचे गोड पुरण. होय, पुरणच, शिजवून, वाटून, साखर घालून आटवलेले. आमच्यापुढे वाराबीमोची, लिबलिबीत आणि भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेली. सातूच्या पिठाची आठवण यावी असा तिचा खमंगपणा. साखर मात्र इतकी बेताची की आपल्या हलवायाला हा अपमान वाटावा. रावसाहेबांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. ‘‘हे मात्र सात्त्विक आहे हं,’’ म्हणाले. भाचा नम्रपणे म्हणाला, ‘‘काका, त्या वड्या समुद्रातल्या शेवाळाच्या असतात.’’ रावसाहेब क्षणभर वाटीकडे पाहत राहिले. मग स्वतःच हसले. माणूस खरोखर वाईट नव्हे.

निघताना मी भाच्याकरवी म्हाताऱ्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, पहिल्यांदा पुष्कळांना जड जाते. मलाही दूध अजून पिववत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. शनिवारच्या बाजारात त्या मुलीची आई सुक्या मासळीची टोपली घेऊन बसते, हे मला इतकी वर्षे ठाऊक होते. मी पलीकडच्या ओळीतून जात असे. या वेळी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि अर्धा किलो जवळा मागितला. तिने मला ओळखले.

‘‘गुरुजी, तुम्ही खाता हे?’’

‘‘लहानपणापासून,’’ मी म्हणालो.

मुलगी कुठे असते ते मी विचारले. तिने सांगितले. मग मला जे म्हणायचे होते ते मी म्हटले. बाजारात, उभ्या उभ्या, चार माणसांसमोर. ती काही बोलली नाही. जवळा कागदात बांधून दिला आणि पैसे मोजून घेतले.