पीळ, टेप आणि "काय नाय होत साहेब"

गाडीत वीस हजारांचा स्टिरिओ, डॅशकॅम, फॉग लॅम्प... आपण सगळं हौसेने बसवून घेतो. आणि हे ज्याच्यावर चालतं तो जॉइंट? दुकानातला पोरगा दातांनी वायर सोलतो, दोन टोकांना पीळ देतो, वर काळी टेप. झालं! विचारलं की ठरलेलं उत्तर, "काय नाय होत साहेब, फ्यूज आहे ना."

मला राग येतो तो या फ्यूजच्या वाक्याचा. (पोराला कोणी शिकवलंच नाही, त्याचा काय दोष? पण बीई झालेले माझे मित्रही यावर माना डोलावतात!) अरे, फ्यूज उडतो तो करंट जास्त गेला तर. सैल जॉइंटमुळे करंट वाढत नाही, उलट किंचित घटतोच. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प १२ व्होल्टवर मिळून ९ अँपियरच्या आसपास ओढतात. त्यांच्या सामायिक वायरच्या जॉइंटमध्ये नुसता ०.१ ओहम रेझिस्टन्स आला, तर आय स्क्वेअर आर, म्हणजे साधारण ८ वॅट उष्णता, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. घरचा छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, आता बोला! तांबं काळं पडतं, रेझिस्टन्स अजून वाढतो, टेपचा डिंक सुटतो. आणि १५ अँपियरचा फ्यूज तिकडे निवांत बसलेला.

आता तुम्ही म्हणाल, मग सोल्डर करू. आपल्या कॉलेजच्या लॅबमधून आलेल्या मंडळींचा हा लाडका उपाय. स्टिरिओच्या आत सोल्डरच आहे की हो! आहे ना, पण तिथलं सर्किट बोर्ड घट्ट बसवलेलं असतं. गाडीतली वायर सतत थरथरते. सोल्डर धाग्यांमधून आत ओढलं जातं, तेवढी वायर कडक होते, आणि जिथे कडक भाग संपतो नेमक्या तिथेच ती वाकून वाकून तुटते. नीट आधार दिला, वर हीट श्रिंक चढवली तर सोल्डरही टिकतं, नाही असं नाही. पण एवढं करतो कोण?

मधल्या वायरला चावणाऱ्या त्या निळ्या क्लिपबद्दल न बोललेलंच बरं. एकाच मापाची क्लिप सगळ्या जाडीच्या वायरींना. जाड वायरचे धागे कापले जातात, बारीक वायरला पातं धड टेकतही नाही.

उत्तर क्रिंपिंग आहे. तुमच्या गाडीच्या मूळ हार्नेसमधली टर्मिनल्स बघा, क्रिंप केलेली दिसतील. धागे आणि नळी एकत्र इतके दाबले जातात की मध्ये हवा शिरायला जागाच उरत नाही. प्लास्टिक आवरणाच्या टर्मिनलला माप रंगावरून कळतं: लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर, निळं १.५ ते २.५, पिवळं ४ ते ६. आणि टूल रॅचेटवालं हवं, पूर्ण दाबल्याशिवाय ते उघडतच नाही. साध्या पकडीने चेपलेलं टर्मिनल म्हणजे पुन्हा पीळच, फक्त दागिना घातलेला.

असो. पुढच्या वेळी दुकानात गेलात की आधी टूल दाखव म्हणा. जॉइंट झाला की हाताने जरा ओढून बघा. आणि त्याने पक्कड काढली तर गाडीची किल्ली परत खिशात.