आकड्यापुढचे अक्षर



या सदरात आजवर वारसनोंद, मुदत ठेवी, लॉकरचे नियम अशा विषयांवर लिहिले. आजचा विषय त्याहून जवळचा आहे. इतका जवळचा, की घरात त्याचे नाव काढताना आवाज आपोआप खाली येतो. स्त्रियांच्या अंतर्वस्त्राचे, म्हणजे ब्रेसियरचे, माप कसे ठरते आणि आपल्याकडे ते इतक्या वेळा का चुकते, हा तो विषय. आपल्यापैकी कित्येक घरे कापड, होजियरी आणि तयार कपड्यांच्या व्यापारात आहेत. हा माल विकणारे आणि वापरणारे असे दोघेही या पानाचे वाचक आहेत. तेव्हा बंधूंनी पान उलटू नये. लेखाचा बराचसा हिशेब त्यांच्याच गल्ल्याशी निगडित आहे.

पालीसारख्या गावात ही खरेदी कशी होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दुकानात पुरुष गिऱ्हाईक नाही असे पाहून बाई आत शिरते, 'चौतीस द्या' असे हळू म्हणते, दुकानदार खाली मान घालून खोका काढतो आणि वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळली जाते. (२०१८ च्या प्लास्टिकबंदीपूर्वी या कामासाठी काळी पिशवी राखून ठेवलेली असे.) दोन मिनिटांत व्यवहार पुरा. साडीचा पदर चार वेळा उलगडून पाहणारी, भाजीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी हीच बाई येथे वस्तू धड हातातही घेत नाही. घरी गेल्यावर ती घट्ट वा सैल निघाली तर परत आणण्याची सोय नसते, आणि धीर तर त्याहूनही नसतो.

मुळात 'चौतीस' हे माप अर्धेच आहे. ब्रेसियरला दोन मापे असतात. आकडा पट्ट्याचा, म्हणजे छातीखालून पाठीकडे जाऊन हुकांनी बंद होणाऱ्या भागाचा. त्यापुढचे अक्षर कपाचे. आकडा शरीराचा घेर सांगतो, अक्षर उभार सांगते. दोन स्त्रियांचा घेर एकच असून उभार अगदी वेगळा असू शकतो, हे कोणत्याही शिंप्याला ठाऊक असते.

हे अक्षर तसे अलीकडचे. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला १९१४ साली ज्या ब्रेसियरचे पेटंट मिळाले, तिचा पहिला नमुना दोन रेशमी हातरुमाल आणि फीत जोडून केलेला होता. त्यात कपाचे माप असा काही प्रकार नव्हता. एस. एच. कँप या अमेरिकन कंपनीने १९३२ मध्ये ए, बी, सी, डी ही अक्षरे उभाराशी जोडली आणि पुढे इतर कंपन्यांनी ती उचलली. त्या दृष्टीने पाहता आपली बरीचशी दुकाने अजून १९३२ पूर्वीच्या काळातच आहेत, असे म्हणावे लागेल.

आपल्या आजी-पणजींना या अक्षराची गरज नव्हती. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी शिंपी अंगाच्या मापाने बेतीत असे आणि तिला पुढे गाठ असे. बाळंतपणात अंग भरले की गाठ सैल, उतरले की घट्ट. एकच चोळी दोन्ही काळ निभावून नेई. तयार माल आला तेव्हा शिंपी गेला, गाठ गेली, आणि त्या दोघांचे काम त्या लहानशा चिठ्ठीवरील आकड्याने व अक्षराने करावे अशी अपेक्षा आली. आपण त्यातला आकडा तेवढा लक्षात ठेवला.

आता मापाकडे वळू. शिंप्याची टेप पुरेशी आहे. पहिले माप छातीच्या लगत खाली, टेप अंगाला घट्ट लावून, श्वास सोडून घ्यावे. दुसरे छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप सैलसर ठेवून. दोन्ही वेळा टेप पाठीवर आडवी सरळ राहिली पाहिजे. एकटीने घेताना ती मागे हमखास घसरते, म्हणून आरशासमोर उभे राहावे किंवा बहिणीची, जावेची मदत घ्यावी. समजा, खालचे माप ३० इंच आले. आपल्याकडील बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यांत त्यात सुमारे ४ इंच मिळवून सम आकडा धरतात, म्हणजे पट्टा ३४. आता भरलेल्या भागाचे माप ३७ असेल, तर ३७ वजा ३४, फरक ३. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. या बाईंचे माप ३४-सी झाले.

युरोपात हेच सेंटिमीटरमध्ये चालते. आपला ३४ म्हणजे तेथला ७५, ३६ म्हणजे ८०, ३८ म्हणजे ८५. परदेशातील लेकीने पाठवलेल्या वस्तूवर ७५-सी असे दिसले तर गोंधळून जाऊ नये. काही पद्धतींत वरचे चार इंच मिळवीतच नाहीत. त्या हिशेबाने याच बाईंना ३० चा पट्टा आणि बराच पुढचा कप येतो. म्हणून ज्या कंपनीचा माल घ्यावयाचा तिचा तक्ता पाहणे श्रेयस्कर. तो बहुधा खोक्याच्या मागेच छापलेला असतो आणि खोका फळीवरच राहतो.

या ३४-सीच्या बाई आपल्या दुकानात येतात तेव्हा काय होते? दुकानात ३२, ३४, ३६, ३८ असे आकडे आहेत. पण अक्षर सर्वांवर एकच, बी. ३४-बी त्यांना वर दाटतो, काठ रुततो. दुकानदार म्हणतो, 'एक नंबर मोठा घ्या.' त्या ३६-बी घेतात. गंमत अशी की कप त्यांना बसतो. ३२-डी, ३४-सी, ३६-बी आणि ३८-ए यांच्या कपांत जवळजवळ सारखीच जागा असते. आकडा वाढला की त्याच अक्षराचा कपही वाढतो. पण पट्टा आता ३२ इंचांच्या शरीरासाठीचा आहे आणि बाईंचे शरीर ३० इंचांचे. दोन इंच मोकळे.

सर्व बिघाड येथून सुरू होतो. वजन पेलण्याचे मुख्य काम पट्ट्याचे आहे, खांद्यावरच्या पट्ट्यांचे नव्हे. पट्टा सैल झाला की तो मागून वर सरकतो, पुढचा भाग खाली येतो आणि सगळा भार खांद्यावर पडतो. बाई खांद्याच्या पट्ट्या आवळतात. मागचा पट्टा आणखी वर चढतो. खांद्यावर कायमचे वळ पडतात, मान आणि पाठ दिवसभर ताणलेली राहते. आपल्याकडे याला 'वयाचा परिणाम' म्हणतात. वीस-पंचवीस वर्षे चुकीच्या मापात वावरून 'मला ही वस्तूच सोसत नाही' असे म्हणणाऱ्या बायका माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकींनी टेप कधीही लावलेली नाही.

कोकणातला घाम हा आणखी एक विषय. जून ते सप्टेंबर येथे काही वाळत नाही, आणि छातीखालच्या घडीत ओलावा राहिला की पुरळ, खाज, कधी बुरशीचा संसर्ग होतो. खाली लोंबणारी सैल ब्रा ती घडी मिटलेलीच ठेवते. योग्य मापाची ती उचलून धरते आणि तेथे वारा लागतो. पावसाळ्यात सुती होजियरीची घ्यावी आणि निदान तीन असाव्यात: एक अंगावर, एक दोरीवर, एक कोरडी. गरम पाणी आणि पिळा यांनी इलॅस्टिक मरते. साध्या पाण्यात हाताने धुऊन, टॉवेलात दाबून, सावलीत वाळत घालावी.

घट्ट ब्रेसियरने किंवा काळ्या रंगाने कर्करोग होतो, अशी भीती अजून ऐकू येते. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने रजोनिवृत्त स्त्रियांचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ब्रा वापरण्याचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. याची दुसरी बाजू महत्त्वाची: गाठ लागली, स्राव दिसला किंवा त्वचा ओढल्यासारखी झाली, तर ब्रेसियर बदलून वाट पाहत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

घातल्यावर ती बसली की नाही हे कसे ओळखावे? नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक वापराने ढिले होते आणि आतली हुके त्या दिवसांसाठी असतात. पाठीमागचा पट्टा पुढच्या इतकाच खाली आणि आडवा हवा, त्यात दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. काखेजवळून वा वरून अंग बाहेर येत असेल तर कप लहान, कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. सर्वांत सोपी परीक्षा अशी: खांद्यावरच्या दोन्ही पट्ट्या क्षणभर उतरवाव्यात. पट्टा जागेवर राहिला तर माप बरोबर, घसरला तर मोठे. शिवाय माप हे आधार क्रमांकासारखे जन्मभराचे नसते. वजन, बाळंतपण, स्तनपान, रजोनिवृत्ती यांनी ते बदलते, महिन्याच्या महिन्यातही थोडे बदलते. वर्षातून एकदा टेप लावावी. वयात येणाऱ्या मुलीचे तर सहा महिन्यांनी पाहावे, आणि तिची पहिली ब्रा मोठ्या बहिणीची उतरलेली नसावी.

आता बंधूंकडे. दुकानदार फक्त बी का ठेवतो? आळसाने नव्हे. बँकेत असताना कॅश क्रेडिट खात्यांच्या माल तपासणीसाठी मी अनेक कापड दुकानांच्या माळ्यांवर चढले आहे. न खपलेल्या मालाचे खोके मालकाच्या छातीवर कसे बसतात, ते मला ठाऊक आहे. हिशेब करू. ३० ते ४२ असे सात आकडे, ए ते डी चार अक्षरे, म्हणजे अठ्ठावीस मापे. तीन रंग धरले तर चौऱ्याऐंशी. दोन प्रकार धरले तर एकशे अडुसष्ट, आणि प्रत्येकी दोन नग ठेवायचे तर तीनशे छत्तीस. सोयीसाठी नगामागे २५० रुपये धरू: ८४,००० रुपये एका फळीत अडकले, आणि त्यातील निम्मे नग दिवाळीपर्यंत हलणार नाहीत. लहान गावच्या दुकानाने हे करावे, असे कोणी सुचवू नये.

पण सगळे ठेवण्याची गरज नाही. आहे त्या मालात ३२ ते ३८ या चार आकड्यांचा सी आणि ३० व ३२ चा ए, एकाच रंगात, प्रत्येकी दोन नग वाढवावेत. बारा नग, तीन हजार रुपये. मापांची नातलगी वर सांगितलीच आहे. नेमके माप नसेल तेव्हा अगदी शेजारचे देता येते, मात्र ते उमजून द्यावे, 'एक नंबर मोठा' अशा अंदाजाने नव्हे. तीन महिन्यांनी कोणते अक्षर संपले ते पाहून पुढची मागणी द्यावी. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात एक पडदा, एक आरसा, एक टेप आणि गल्ल्यावर घरातली सून किंवा लेक: खर्च एवढाच. ज्या घरांत सुना दुकानाच्या वहीखात्यात तरबेज आहेत, तेथे त्यांना याच एका फळीपासून दूर का ठेवले जाते, हे मला कधी उमगले नाही. मालकाने नजरेने माप ओळखण्याची जी 'कला' अनुभवी दुकानदार अभिमानाने सांगतात, ती गिऱ्हाइकाला किती नकोशी असते, हे त्यांनी घरच्या बायकांना विचारावे.

हे आता धंद्याच्या दृष्टीनेही टाळता येण्यासारखे नाही. २०११ मध्ये रिचा कर यांनी बंगळुरात झिवामे सुरू केले ते याच संकोचावर: बाईने घरबसल्या तक्ता पाहावा, माप निवडावे, पार्सल यावे. आज सुधागड तालुक्यातल्या मुलीही मोबाइलवरून मागवतात, आणि ज्यांना हात लावून पाहायचे असते त्या खोपोली-पनवेल गाठतात. गिऱ्हाईक एका वस्तूसाठी गावाबाहेर गेले की परकर आणि गाऊनही तेथूनच घेऊन येते. २०१३ साली मुंबई महापालिकेच्या सभागृहात अंतर्वस्त्रे घातलेले पुतळे दुकानांबाहेर मांडण्यास मनाई करावी, असा ठराव झाला होता. पुतळ्यांवर चर्चा भरपूर झाली. पुतळ्याच्या अंगावरची वस्तू जिवंत गिऱ्हाइकाला बसते का, हा मुद्दा कोणी काढल्याचे स्मरत नाही.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या भगिनींसाठी आत खिसा असलेल्या ब्रा मिळतात. त्या खिशात कृत्रिम स्तन बसवता येतो. हाताने विणलेले हलके सुती स्तन विनामूल्य देणारे स्वयंसेवी गटही मुंबईत आहेत. दुकानात असा माल ठेवणे परवडणार नाही, पण मागणी आल्यास मुंबईहून मागवून देणे जमण्यासारखे आहे.

शेवटी लग्नघरांसाठी एक सूचना. तुळशीच्या लग्नानंतर ब्लाउज शिवायला टाकण्याची घाई सुरू होते. शिंपी माप घेतो ते अंगावरच्या ब्रेसियरवरून. ती जुनी, सैल असेल तर टक्स खाली येतात, आणि लग्नाच्या दिवशी नवी ब्रा घातली की हजारो रुपयांच्या शालूवरचा ब्लाउज पुढे दाटतो नि बगलेत फुगतो. म्हणून बस्त्याच्या यादीत ही खरेदी पहिल्या ओळीत असावी, आणि शिंप्याकडे जाताना तीच नवी ब्रा अंगावर असावी.