मागं पडलं, पण सुटलं नाही

मैत्रिणींनो, पावसाळ्यात न्हाणीघरात बेडूक दिसला की आपण आधी काय शोधतो? खराटा! मी शिकवते त्या वर्गातल्या मुलीही बेडूक म्हटलं की नाकं मुरडतात. त्यांना मी ब्राझीलच्या बर्था लुट्झबाईंची हकीकत सांगते.

बर्थाबाईंचा जन्म १८९४ सालचा, साव पावलोचा. वडील अडॉल्फो लुट्झ उष्ण प्रदेशातल्या रोगांचे नामांकित डॉक्टर. त्यांना बेडकांचाही नाद. पॅरिसला विज्ञान शिकून आलेल्या लेकीनं १९१९ साली चढाओढीची परीक्षा दिली आणि रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात नोकरी मिळवली. १९४० साली वडील गेले, पण बेडकांचं काम तिनं पुढं चालू ठेवलं.

हे काम सोपं नव्हे बरं का! बेडूक ओरडतात ते बहुधा रात्री, ओल्या रानात. तिथल्या काही जाती तर अननसाच्या कुळातल्या झाडांच्या पानांत साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. बरणीत, अर्कात ठेवलेल्या बेडकाचा रंग उडतो, म्हणून तो जिवंतपणीच टिपून घ्यायचा. आपण लोणच्याच्या बरणीवर साल लिहितो ना, तशी प्रत्येक नमुन्यावर जागेची नि तारखेची चिठ्ठी हवी. ती हरवली की नमुन्याची निम्मी किंमत गेलीच.

याच बाईंनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी संघटना उभारली. १९३२ साली तो हक्क मिळाला. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या करणाऱ्या चार स्त्रियांत त्या एक होत्या. एवढ्या धबडग्यात बेडूक मागं पडले, पण सुटले नाहीत. झाडबेडकांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९७३ साली निघाला, तेव्हा बाई ऐंशीला टेकल्या होत्या! पुढं तीनच वर्षांनी त्या गेल्या.

२०१८ साली त्या संग्रहालयाला भीषण आग लागली. तिथली त्यांची कागदपत्रं जळाली. बेडकांच्या बरण्या दुसऱ्या इमारतीत होत्या, त्या वाचल्या.

आपलंही एखादं काम मुलांच्या परीक्षांत, घरच्या दुखण्याखुपण्यांत मागं पडतंच. म्हणून त्याची वही रद्दीत घालू नका. आणि हो, पुढच्या वेळी बेडूक दिसला तर खराट्याआधी मुलांना हाक मारा. तारीख, जागा, रंग, पाऊस होता की नाही, एवढं लिहून ठेवायला सांगा. मग खुशाल त्याला अंगणात सोडा!